प्रीअँपमधली शिट्टी

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकदा आठवडाभर दोन प्रीअँप्लिफायर पाहुणे म्हणून राहिले होते. त्या आठवड्यात घरात जेवढे रुसवेफुगवे झाले तेवढे माझ्या आत्तेभावाच्या लग्नातही झाले नव्हते. दोन्ही व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचे. एक परदेशी, कॅम्पातल्या दुकानदाराने 'ऐकून बघा, मग ठरवा' म्हणून दिलेला. दुसरा सहकारनगरच्या एका निवृत्त गृहस्थांनी आपल्या गॅलरीत बसून स्वतःच्या हातांनी बनवलेला. दोन्हींतला एक ठेवायचा होता.

प्रीअँप म्हणजे काय, हे तेव्हा मला ऑफिसात रोज कुणाला तरी समजावून सांगावं लागे. रेकॉर्डवरून किंवा सीडीवरून निघालेला आवाज फार अशक्त असतो. त्याला मोठ्या अँप्लिफायरकडे पाठवण्याआधी जो डबा जरा खाऊपिऊ घालून धष्टपुष्ट करतो तो प्रीअँप. तिथे जर आवाज बिघडला तर पुढे कितीही महागाचे स्पीकर लावा, बिघडलेलाच आवाज मोठा होऊन येतो. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला हे पटकन कळलं. तोही तेच काम करायचा.

मी तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये होते. कंपनीने अमेरिकेला पाठवलं, तिथे दीड वर्ष राहून आले, आणि येताना सीडी प्लेयर आणि ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर सामानात कोंबून आणला. घरी जोडला. बाबांनी एक अख्खा ख्याल ऐकला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "स्वच्छ आहे. दवाखान्यासारखं." एवढंच. दीड वर्षाच्या मेहनतीवर बाबांनी तीन शब्दांत पाणी ओतलं, आणि वाईट याचं वाटलं की ते खरं होतं. त्यांचं लहानपण आणि तरुणपण व्हॉल्व्हच्या रेडिओसमोर गेलेलं. मग कुणीतरी सुचवलं की बाकी सगळं तेच ठेवा, फक्त मध्ये व्हॉल्व्हचा प्रीअँप घाला, आवाजात जीव येईल. तेव्हापासून शोध सुरू झाला.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वाद्याला हात न लावलेले, गळ्यात सूर नसलेले. पण आमच्या श्रोते मंडळाचा कान. हे मंडळ महिन्यातून एका रविवारी सकाळी आमच्याकडे जमायचं. जुन्या खासगी मैफलींच्या टेपा ऐकायच्या. ऐकताना बोलायचं नाही, संपेपर्यंत चहा मागायचा नाही, आणि ऐकून झाल्यावर एकेकाने मत द्यायचं. बाबा सगळ्यांत शेवटी बोलायचे. ते बोलले की विषय संपायचा. नकलेची नक्कल होत आलेली टेप यायची, मशीन कुठेतरी वेगात चाललेलं असायचं, आणि सगळे माना डोलावत असताना बाबा म्हणायचे, "या बाई काळी पाचच्या पट्टीत गायच्या. इथे पांढरी सातच्या आसपास गेलंय. टेप पळतेय." तपासून बघितलं की टेप पळत असायचीच.

त्या वर्षी बाबांच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम त्यांच्या दाराशी आलं होतं. एका गेलेल्या गायिकेच्या घरी कपाटभर स्पूल, म्हणजे टेपची मोठी रिळं, पडून होते. कुणीही, कधीही बाहेर न ऐकलेलं गाणं. त्या घराच्या पायऱ्या बाबांनी दोन वर्षं झिजवल्या होत्या. शेवटी बाईंच्या सूनबाई तयार झाल्या, पण एका अटीवर: प्रत्येक स्पूलची नक्कल बाबांनी स्वतः ऐकायची, आवाजात काही भेसळ झाली नाही असं स्वतः सांगायचं, आणि मगच ती कुणाच्या हाती द्यायची. दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नव्हता. हे स्पूल आमच्याच घरी, आमच्याच नव्या यंत्रणेतून ऐकले जाणार होते. म्हणून प्रीअँप निवडण्याला एवढं महत्त्व.

आणि मला मात्र एक गोष्ट माहीत होती. बाबांना वरचं ऐकू येत नव्हतं.

वरचं म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज. बोलणं नीट यायचं, तबल्याचा बायाँ यायचा, षड्ज-पंचम यायचे. पण अमेरिकेहून मी त्यांच्यासाठी एक आकडेवालं मनगटी घड्याळ आणलं होतं आणि संध्याकाळी सहाला ब्लडप्रेशरच्या गोळीसाठी गजर लावून दिला होता. सुरुवातीला ते वाजलं की बाबा म्हणायचे, "आली तुझी अमेरिका!" पुढे ते म्हणायचे बंद झाले. मला वाटलं, कौतुक संपलं. मग एका शनिवारी बघितलं, घड्याळ त्यांच्या मनगटावर पिंपिं करतंय आणि बाबा पेपर वाचताहेत. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती. आई आतून पाणी आणि गोळी घेऊन आली, त्यांच्या मनगटावरचं बटण दाबलं आणि आत गेली. दोघं काही बोलली नाहीत. मी पण बोलले नाही. अलीकडे तर आई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून गोळी द्यायची आणि मनगटावरचं तसंच ओरडत ठेवून निघून जायची. मला चीड यायची. मी उठून बंद करायची.

हे मंडळाला कळलं तर काय होईल, ते मला दिसत होतं. मंडळात भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक होते. बाबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, कानाने तल्लख, आणि जिभेने त्याहून. बाबा शेवटी बोलतात हे त्यांना पहिल्यापासून खुपत होतं. स्पूल आपल्याकडे यायला हवे होते असं ते बोलून दाखवायचे नाहीत, पण "जबाबदारी मोठी आहे हो" असं इतक्या वेळा म्हणायचे की समजायचं ते समजायचं. प्रीअँपचा विषय निघाला तेव्हा तेच म्हणाले, "दुकानाचं नाव नको, माणसाचं नाव नको. दोन्ही पडद्याआड ठेवू. तेच गाणं दोन्हींतून वाजवू. ज्याला कान आहेत तो सांगेल." मंडळाला ही कल्पना भारीच आवडली. पुण्यात एखादी गोष्ट साधेपणाने विकत घेतली तर लोकांना हुरहूर लागते.

बाबा हसून म्हणाले, "ठेवा की पडदा."

दोन्ही डबे सोमवारी घरी आले. परदेशी होता तो नेटका, गुळगुळीत, त्याच्या पुढच्या काचेतून व्हॉल्व्हचा केशरी उजेड दिसायचा. सहकारनगरचा होता तो जेवणाच्या डब्याच्या पत्र्याचा असावा असा. पण वाजला मात्र असा की मी जागच्या जागी बसून राहिले. तानपुरा खोलीभर झाला. बाबांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाले, "हा. हाच." त्यांच्या आवाजात जे समाधान होतं ते मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं, आणि मलाही मनापासून आनंद झाला.

तो आनंद अर्धा तास टिकला. डबा तापला तशी त्यातून एक शिट्टी यायला लागली. फार बारीक. कानाशी डास आला की येते तशी, पण एकसारखी, न हलणारी. गाणं चढलं की तिच्याकडे लक्ष जायचं नाही, गाणं थांबलं की ती तिथेच असायची. मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणत होते, "काय शांतता आहे बघ याच्यात. दोन सुरांमधली जागा कशी काळीभोर ऐकू येते."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. आई ओट्यापाशी होती.

"आई, त्या सहकारनगरच्या डब्यातून शिट्टी येतेय."

"हळू बोल."

"बाबांना येत नाहीये ऐकू."

"त्यांना सांगू नकोस," आई म्हणाली.

"अगं पण रविवारी सगळे येणार. प्राध्यापक येणार. त्यांना लगेच ऐकू येईल. आणि बाबा सगळ्यांसमोर म्हणणार, काय शांतता आहे! तुला येतेय ना ऐकू शिट्टी?"

आईने नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली. "सांगू नकोस एवढंच म्हणतेय मी," ती म्हणाली. "त्यांना काय करायचं ते कळतं."

मला आईचा तो शांतपणा तेव्हा डोक्यात गेला. इथे माणसाची अब्रू जायची वेळ आली होती आणि हिला भांड्यांचं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून मी तो डबा स्कूटरच्या पायांशी ठेवून सहकारनगरला नेला. बाबांना म्हटलं, वायर जरा सैल आहे. विचार सरळ होता: गृहस्थ व्हॉल्व्ह बदलून देतील, शिट्टी जाईल, रविवार निघून जाईल, कुणाला कशाचा पत्ता लागणार नाही.

गृहस्थांनी दार उघडलं आणि माझ्या हातातल्या डब्याकडे बघून म्हणाले, "आठवडा सोमवारपर्यंत असतो."

"परत द्यायला नाही आले. शिट्टी येतेय यातून."

"येणार नाही."

"येतेय हो. तापल्यावर येते."

त्यांनी मला बसायला सांगितलं, डबा जोडला, आणि आम्ही तो तापायची वाट बघत बसलो. भिंतीवर त्यांनी बनवलेल्या जुन्या रेडिओंचे फोटो लावले होते. थोड्या वेळाने शिट्टी आली. मी बोट वर केलं. "ही बघा."

गृहस्थ खुर्चीतून उठले, स्पीकरला जवळजवळ कान टेकवला आणि तसेच राहिले. "कुठाय?"

"आत्ता येतेय. या क्षणी."

"अहो बाई, तुम्ही कॉम्प्युटरवाले. दिवसभर त्या यंत्रांच्या पंख्यांची घरघर तुमच्या डोक्यात बसलेली असते. घरी गेल्यावर ती ऐकू येते आणि मग तुम्ही माझ्या डब्याला नावं ठेवता."

"एकदा व्हॉल्व्ह बदलून तरी बघा ना."

"का बदलू? डोकं दुखतं म्हणून तुम्ही रक्त बदलता का?"

त्यांचा कान अजून स्पीकरपाशी होता, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच नव्हतं. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. आमच्या घरी संध्याकाळी सहा वाजता तोच चेहरा पेपर वाचत बसलेला असायचा. या माणसाचा हात सोन्याचा होता, पण आपण बनवतोय त्यात काय ओरडतंय ते त्याला ऐकूच येत नव्हतं. आणि हे त्यांना तोंडावर सांगण्याची हिंमत मला झाली नाही. मी डबा उचलून परत आणला.

मग शनिवारपर्यंत मी सगळे मार्ग शोधले. परीक्षा पुढे ढकलू म्हटलं, तर बाबा म्हणाले, "का? मुलाकडचे येणार आहेत का तुला बघायला?" सहकारनगरचा नकोच, परदेशीच घेऊन टाकू म्हटलं, तर ते दुखावले. "तुला दिसण्याचं एवढं काय पडलंय गं?" एकदा वाटलं, सरळ सांगून टाकावं. त्यांच्या समोर जाऊन बसलेसुद्धा. पण ते डोळे मिटून, मान किंचित कलती करून तोच डबा ऐकत होते, मध्येच हात उचलून एखादी जागा मला दाखवत होते. माझ्याच्याने बोलवेना. मी उठले. पडद्याआड कुठला आधी वाजणार ते कुणाला माहीत असणार नव्हतं, त्यामुळे त्यांना आधीच पढवून ठेवणंही शक्य नव्हतं. आणि पढवलं असतं तर त्यांनी पुन्हा माझं तोंड बघितलं नसतं.

रविवारी सकाळी मंडळ आलं. शोकेस आणि खिडकीचा गज यांच्यामध्ये आईची जुनी चादर बांधली. तिच्यामागे दोन्ही डबे. वायरी बदलायला प्राध्यापक स्वतः बसले. "मी मत देणार नाही," ते म्हणाले, "मला माहीत असणार कुठला कुठला ते." दोन्ही डबे तापत ठेवले. मी खिडकीपाशी उभी होते; तिथून चादरीच्या कडेने प्राध्यापक दिसायचे. त्यांनी आधी एक डबा लावून बघितला, मग दुसरा. दुसऱ्यावर त्यांचा हात थांबला. मान वळली. कान स्पीकरकडे गेला. मग ते स्वतःशीच हसले.

त्यांना कळलं होतं.

चादरीमागून त्यांचा आवाज आला. "एक विनंती आहे. दर वेळी साहेब शेवटी बोलतात. मग आधी बोललेले आम्ही सगळे मूर्ख ठरतो. आज साहेबांनी पहिलं बोलावं. आधी कुणी काही सुचवायला नको. काय?"

मंडळ हसलं. कुणीतरी म्हणालं, "हे मात्र न्यायाचं." बाबाही हसले. "चालेल की," ते म्हणाले.

मला त्या चादरीवर जाऊन काहीतरी फेकावंसं वाटलं. मी स्वयंपाकघराकडे वळले. चहाचं निमित्त होतं, आणि खरं म्हणजे मला पुढचं बघायचं नव्हतं. तेवढ्यात बाबांनी हाक मारली.

"तू इथे बस."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातल्या पाटाकडे बोट केलं. ती आईची जागा होती. पूर्वी मंडळाच्या वेळी आई आत असायची. दोनेक वर्षांपासून मात्र ती दारात येऊन भाजी निवडत बसायची. मला वाटायचं, उतारवयात का होईना, बाईला गाण्याची गोडी लागली. त्याच सुमारास बाबांनीही आपली खुर्ची वळवून घेतली होती. स्पीकरकडे अर्धी पाठ, तोंड स्वयंपाकघराकडे. "आवाज थेट अंगावर घेऊ नये," ते सांगायचे, "भिंतीवरून परतून आलेला ऐकावा." मंडळातल्या दोघांनी घरी जाऊन आपापल्या खुर्च्या वळवून घेतल्या होत्या.

"चहा कोण करणार?" मी म्हटलं.

"बस गं," आई आतून म्हणाली. "मी बघते."

मी त्या पाटावर बसले, बाबांच्या बरोबर समोर. गाणं सुरू झालं. तोडी. स्पूलवाल्या बाईंचंच एक बाजारात आलेलं जुनं ध्वनिमुद्रण. आणि पहिल्याच तानपुऱ्यात ती शिट्टी होती.

सहकारनगरचा आधी लागला होता. बाबांनी तो ओळखला असणार, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं, ते सैलावले. मी मनात म्हटलं, काही करू नकोस, कशाकडे बघू नकोस. प्राध्यापक चादरीच्या कडेने माझ्याकडे बघत असतील तर त्यांना माझ्या चेहऱ्यावर काही दिसायला नको. मी कॅलेंडरकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. बाई मंद्र सप्तकात उतरल्या, सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत ती शिट्टी सुईसारखी सरळ माझ्या कानात शिरली. मी दात आवळले. बाबांकडे बघितलं तर ते माझ्याकडेच बघत होते. डोळे उघडे ठेवून. गाणं ऐकताना डोळे उघडे ठेवलेले बाबा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. मला ते घाबरल्यासारखे वाटले, आणि माझा जीव तुटला.

मग वायरी बदलल्या. तेच गाणं दुसऱ्यातून. दवाखाना नव्हता, पण घरही नव्हतं. छान, नीटस हॉटेल होतं. शिट्टी नव्हती. मी श्वास सोडला.

गाणं संपलं. "हं, साहेब," चादरीमागून आवाज आला.

आत कपबशी वाजली.

"पहिला मला जास्त आवडला," बाबा म्हणाले.

माझी नजर चादरीकडे गेली.

"फार आवडला. पण घ्यायचा दुसरा. पहिल्यात काहीतरी बारीक टोचतंय. स्पूल त्यातून ऐकायला बसलो तर ते टोचणं टेपमधलं की डब्यातलं, ते कळणार नाही. बाईंच्या आवाजाच्या बाबतीत अशी शंका ठेवता येणार नाही. म्हणून दुसरा."

चादर बाजूला सारून प्राध्यापक बाहेर आले. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण माणूस शेवटी सरळ होता. "शिट्टी आहे," ते म्हणाले. "अगदी बारीक आहे. मला वाटलं होतं... जाऊ दे. कमाल आहे साहेब, या वयात." आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. त्यानंतर मंडळातले सगळे एकदम बोलायला लागले, की हो, मलाही काहीतरी जाणवलं होतं बरं का, मी बोलणारच होतो.

मी धावत आत गेले. "आई! ऐकू येतं त्यांना! सगळं ऐकू येतं!" माझे डोळे वाहत होते. आईने माझ्याकडे बघितलं, ट्रे उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चहा ने. निवतोय."

दुपारी सगळे गेल्यावर आम्ही चादर सोडली. एक टोक माझ्याकडे, एक बाबांकडे. घडी घालत ते माझ्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, "कशी होती गं ती?"

"काय?"

"शिट्टी. डासासारखी होती की कुकरसारखी?"

चादर माझ्या हातातच राहिली.

"पहिल्या आलापातच तुझा डावा डोळा बारीक झाला," बाबा म्हणाले. "मग मंद्रात गेल्यावर दात आवळलेस. दुसऱ्याला काहीच नाही. लहानपणी कडू औषध घेताना करायचीस तसाच चेहरा. मी म्हटलं, हिला टोचतंय, तेव्हा काहीतरी आहे."

"म्हणजे तुम्हाला..."

"मला काही आलं नाही. मला तो पहिला अजूनही आवडतो."

मला सगळं एकदम कळत गेलं. वळवलेली खुर्ची, दारातला पाट, दोन वर्षांची भाजी. "म्हणजे आई..."

"आई बिचारी बसायची," ते म्हणाले. "तिचा चेहरा तुझ्याएवढा बोलका नाही, पण चाळीस वर्षांत वाचायला शिकलो होतो. टेपमध्ये काही खरखर आली की मेथीची काडी जरा जोरात मोडायची. पण आता तिलाही वरचं येईनासं झालंय. गेल्या दोन बैठका तिने अंदाजाने मोडल्या."

"गाण्याची आवड म्हणून नव्हते हो बसत मी," आई आतून म्हणाली. "बोटं काळी झाली मेथी निवडून निवडून."

मला राग आला. खरं सांगते, त्या क्षणी प्रेमाआधी राग आला. आठवडाभर मी एकटी जळत होते, सहकारनगरला जाऊन बोलणी खाऊन आले, आणि या दोघांनी मला काही न विचारता पाटावर बसवून माझा चेहरा वापरला होता. "मला सांगायचं होतं ना!" मी ओरडले. "सांगितलं असतं तर मी नीट..."

"सांगितलं असतं तर तू चेहऱ्याने खोटं बोलली असतीस," बाबा म्हणाले. "माझ्या भल्यासाठी. मला ते नको होतं."

मी चादरीची घडी पुरी केली.

"उद्या आपण दोघं सहकारनगरला जाऊ," ते म्हणाले. "त्यांना मी सांगतो व्हॉल्व्ह बदला म्हणून. माझं ऐकतील. शिट्टी त्यांनाही आली नसणार; त्यांनाही कुणाला तरी समोर बसवायला पाहिजे. शिट्टी गेली तर डबा तोच ठेवू." मग म्हणाले, "आणि तिथून सूनबाईंकडे. त्यांनी माझ्या कानावर भरवसा ठेवलाय, तेव्हा त्यांना खरं सांगायला पाहिजे. पट्टी मी सांगेन, बारीक ते मुलगी सांगेल. यावर स्पूल द्यायचे तर द्या म्हणावं. नाही दिले तर नाही दिले." त्यांनी चादरीची घडी माझ्या हातातून घेतली. "पण आधी तुला विचारायला हवं. बसशील का?"

"बसेन," मी म्हटलं. "मेथी निवडणार नाही."

आई हसली. ती बाहेर आली, आम्ही तिघं नुसतेच बसलो. बाबांनी पहिला डबा पुन्हा जोडायला लावला. बाई गात होत्या, शिट्टी वाजत होती, आणि मी एकटीच ती ऐकत होते. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. कधीतरी गाणं संपलं. दोघं तशीच शांत बसून राहिली, आई खिडकीबाहेर बघत, बाबा माझ्याकडे तोंड करून.

सहा वाजले असावेत. बाबांच्या मनगटावरचं घड्याळ ओरडायला लागलं. आई हलली नाही. बाबा हलले नाहीत. माझ्या कपाळाला आठी पडली.

बाबांनी ती बघितली, आणि दुसऱ्या हाताने घड्याळाचं बटण दाबलं.